टाकीतलं पाणी

चार माणसं एका गाडीत कोंडली की किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप जमतात. आमचे बहुतेक सगळे जमले ते पिण्याच्या पाण्यावरून!

चौघं म्हणजे मी, माझा नवरा अरुण, आणि बोर्डीचे भरतभाई-हंसाबेन. त्यांची चिकूची वाडी. मुलं परदेशी गेल्यावर भरतभाईंनी शाळेची एक जुनी मिनीबस विकत घेतली, पांढरी रंगवली आणि तिचं घर केलं. दोन पलंग, छोटा ओटा, गॅस आणि ओट्याच्या वर फळीवर प्लास्टिकची टाकी. टाकीला साधा नळ. भरतभाई म्हणाले, "चला वहिनी, आता हॉटेल बंद!"

पहिल्या ट्रिपला डहाणूच्या किनाऱ्यावर बस लावली. समोर समुद्र, मस्त वारा. हंसाबेननी आलं घालून चहा केला. चौघांनी एकदमच घोट घेतला आणि चौघांनीही कप खाली ठेवले.

शेवटी हंसाबेनच म्हणाल्या, "भरत, मी चहा पावडर टाकली होती. तू पाइप टाकलास का?"

*

नव्या प्लास्टिकचा वास जावा म्हणून भरतभाईंनी टाकीत जंतुनाशक औषध ओतलं. बाटलीवर थेंब लिहिले होते, यांनी झाकणं ओतली! आणि टाकी नीट खंगाळायचं राहूनच गेलं.

तशीच बस घेऊन आम्ही विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या यात्रेला गेलो. ऊन भाजून काढत होतं. एक म्हातारी बसच्या सावलीला टेकली, म्हणून मी तिला ग्लासभर पाणी दिलं. तिने वास घेतला, बसकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. पांढरी बस, खिडक्यांना पांढरे पडदे. पाणी न पिताच ती उठली आणि गर्दीत गेली.

थोड्या वेळाने दाराशी आवाज आला. बघते तर बाहेर रांग! सगळ्यात पुढे तीच म्हातारी. तिने लुगडं जरा वर करून गुडघा दाखवला आणि विचारलं, "डॉक्टर कधी बसतात?"

*

झाईला मासळी बाजारात गेलं की मी आणि अरुण सुके बोंबील घेतल्याशिवाय परतत नसू. हंसाबेन पक्क्या शाकाहारी, पण आमच्यासोबत बाजारात उभ्या राहायच्या, नाकाला पदर लावून घासाघीससुद्धा करायच्या.

एकदा मी बोंबलांची पिशवी टाकीच्या फळीवर ठेवली. टाकीचं झाकण होतं सैल. बस दुपारभर उन्हात तापली. संध्याकाळी हंसाबेननी नळाचं पाणी घेतलं, एक मोठा घोट गिळला आणि ग्लास सावकाश खाली ठेवला.

वर पाहिलं तर पिशवी कलंडलेली आणि दोन बोंबील टाकीत! इतक्या वर्षांची मैत्री, आणि मी त्यांचा धर्म बुडवला! हात जोडून म्हटलं, "हंसाबेन, चुकले हो."

त्यांनी पदराने तोंड पुसलं. मग म्हणाल्या, "जन्मात मासा खाल्ला नाही मी. आज प्यायले!"

आणि जे हसू लागल्या, ते थांबेचनात. पुढच्या ट्रिपला माझ्यासाठी घट्ट झाकणाचा डबा घेऊन आल्या. वर चिठ्ठी चिकटवलेली : "बोंबील. बाहेर पडू नये."

*

उन्हाळ्यात टाकीतलं पाणी अंघोळीइतकं गरम व्हायचं. म्हणून हंसाबेननी तलासरीच्या बाजारातून माठ घेतला. खड्ड्यात फुटू नये म्हणून तो पुढच्या सीटवर बसवला, ओलं फडकं गुंडाळलं आणि सीटबेल्ट लावला.

हायवेला हवालदाराने हात केला. आत डोकावून पाहिलं. माठाकडे एकदा, भरतभाईंकडे एकदा.

"काका, माठाला बेल्ट आणि ड्रायव्हर मोकळा?"

हंसाबेननी लगेच त्याला पाणी दिलं. तो दोन ग्लास प्यायला. "मस्त गार आहे हां," म्हणाला आणि मोबाइल काढून चलान केलंच!

*

अरुणला टाकीचं पाणी कधीच आवडलं नाही. आम्ही टाकी खाण्याच्या सोड्याने धुवायचो, उन्हात वाळवायचो, वाडीतल्या विहिरीचं पाणी गाळून भरायचो. तरी हा घोट घेऊन तोंड वाकडं करणारच.

रानशेतला आमच्या ओळखीचे एक शेतकरी आहेत, लक्ष्मणभाऊ. भाताची कापणी बघायला त्यांच्याकडे गेलो. त्यांच्या बायकोने तांब्याभर पाणी आणून दिलं. अरुणने डोळे मिटून तांब्या रिकामा केला. "याला म्हणतात पाणी! जमिनीची चव आहे याला. आमच्या त्या डबड्यात काय आहे?"

लक्ष्मणभाऊ कसंनुसं हसले. "अहो दादा, आमच्या विहिरीत सकाळी वासरू पडलेलं. काढलं वर, पण पाणी सगळं गढूळ. हे पाणी आत्ता तुमच्याच गाडीतनं भरून आणलंय."

*

हंसाबेन गेल्या त्याला आता बरेच महिने झाले. शेवटपर्यंत त्यांचं चाललं होतं, थोडं बरं वाटलं की पुन्हा झाईला जाऊ. त्या गेल्यावर बस वाडीत चिकूच्या झाडाखाली उभी राहिली ती राहिलीच. आम्हीही विषय काढत नव्हतो.

परवा भरतभाईंचा फोन आला. "अरुणभाऊ, वहिनींना घेऊन या. जरा बसमध्ये बसू."

गेलो. टायर पार बसलेले, काचेवर चिकूच्या पानांचा थर. अरुणने किल्ली फिरवून पाहिली. टिक्कसुद्धा नाही. बॅटरी कधीच गेलेली.

भरतभाई ओट्यापाशी गेले, नळाखाली ग्लास धरला. मी घाबरून म्हटलं, "भरतभाई, नको! किती महिन्यांचं पाणी असेल ते!"

त्यांनी भरलेला ग्लास माझ्यापुढे धरला.

"सकाळचं आहे, वहिनी. रोज सकाळी जुनं काढतो, नवीन भरतो."