पाठ वहिनीची, परवानगी बाबांची

मैत्रिणींनो, आत्ताच दवाखान्यातून भंडाऱ्यातल्या माझ्या घरी आले. डोकं अजून तापलेलंच आहे.

मोहाडीजवळच्या माझ्या माहेरी धानाचा रोवणा, म्हणजे भातलावणी, सुरू आहे. परवापासून वहिनीला ताप, भयंकर डोकेदुखी, उजेड सहन होईना, मान वाकेना. तिशीतली धडधाकट बाई! घरच्यांनी ठरवून टाकलं, रोवण्यात वाकून वाकून मान आखडली. दोन दिवस नुसतं तेल चोळलं.

आज सकाळी भांडून तिला इथल्या दवाखान्यात आणलं. डॉक्टर म्हणाले, "हनुवटी छातीला लावा." लागेचना. मेंदूच्या आवरणाला सूज असावी; ती व्हायरल आहे की जास्त धोक्याची, हे पाठीतलं पाणी तपासल्याशिवाय कळणार नव्हतं.

सोबत आलेले माझे बाबा संमतीचा फॉर्म दाबून बसले. "पाठीतलं पानी काढलं तं बाई लंगडी होते. मंग रोवना कोन करन?"

असं काही होत नाही, हे डॉक्टरांनी दोनदा समजावलं. माझा भाऊ, म्हणजे तिचा नवरा, बाबांच्याच तोंडाकडे बघत उभा. शेवटी डोळ्यांवर पदर धरून पडलेली वहिनीच बोलली, "पाठ माही आहे. आना तो कागद इकडं."

सही तिनंच केली. बाबा रागानं गावी निघून गेले.

संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, "व्हायरलच दिसतंय, बऱ्या होतील." मला रडूच आलं. लगेच बाबांना फोन लावला.

"बरी होते ना? मंग सोमवारी रोवन्याले येईन का?"

मी फोन कापला. तुम्ही काय उत्तर दिलं असतं?