कढईतलं डिझेल

तेलाच्या धंद्यात हात कितीही धुवा, वास राहतोच. किस्स्यांचंही तसंच. अंबरनाथच्या एमआयडीसीत आमची शेड आहे. हॉटेलांचं, फरसाणवाल्यांचं तळून उरलेलं तेल विकत घ्यायचं आणि त्याचं बायोडिझेल करायचं, हा आमचा उद्योग. भेटेल तो एकच प्रश्न विचारतो, "टाकाऊ तेलापासून करता ना? मग डिझेलपेक्षा महाग कसं?" उत्तर द्यायला बसलो की एकेक आठवायला लागतं, आणि भरदिवसा अंगावर काटा येतो.

* * *

आधी सांगा, टाकाऊ कोण म्हणतं? उल्हासनगरच्या एका फरसाणवाल्याला मी म्हटलं, "शेठ, हे काळं तेल तुम्ही तसंही फेकणारच ना?"

तो हसला. "साईं, फेकनेका जमाना गया! गाडीवाले तुमच्यापेक्षा जास्त देतात. परत त्यातच भजी तळतात."

त्या दिवसापासून मी भजी सोडली!

* * *

मग ते तेल गोळा करणं. आमचे मालक हरेशभाई म्हणतात, "डिझेलचा कारखाना एका जागी. आपला हजार कढयांत पसरलाय!" त्यातली एक कढई वांगणीच्या फार्महाउसवर. एका डब्यासाठी टेम्पो तिथवर न्यायचा. आमचे ड्रायव्हर गायकवाड मामा आणि मी गेलो, तर दाराला कुलूप आणि ओट्यावर भरलेला डबा. बाजूच्या शेतातली बाई म्हणाली, "गणपतीपासून कोन आलाच नाय हितं."

मामांनी डबा उचलला आणि लगेच खाली ठेवला. चटका बसला होता!

"चला," मामा म्हणाले. "कुणीतरी आत्ताच तळून उठलंय."

* * *

डबे शेडवर आले की प्रत्येकाचे नखरे वेगळे. एकात पाणी, एकात मीठ, एकात जळका चुरा. गाळा, तापवा, केमिकल घाला, धुवा, आणि प्रत्येक घाणा नव्याने तपासा. आमच्या केमिस्ट प्रज्ञा मॅडम म्हणतात, "डिझेलचा स्वभाव ठरलेला. आपल्याकडे रोज नवी सासू!"

एकदा त्यांनी एका मिठाईवाल्याच्या तेलाचा घाणा लॅबमधल्या छोट्या इंजिनावर चालवून पाहिला. दुकान शुद्ध शाकाहारी, आणि धुराला वास बोंबलांचा! मॅडमनी दुकानदाराला फोन लावला. बोंबलांचा वास कसा, म्हणून विचारलं.

"मेरे से पहले इधर मच्छी की खानावळ थी, मॅडम," तो म्हणाला. "आपको किसने बताया?"

* * *

एवढं सगळं धरलं की आमचं इंधन महागच पडतं. इतकं, की शेवटी हरेशभाईंनी फर्मान काढलं, "आपल्या टेम्पोत पंपाचं डिझेल टाका. आपलंच आपल्याला परवडत नाही!"

आम्ही हसलो. मामा हसले नाहीत. "शेठ, हवं तर माझा पगार कापा, पण हे करू नका."

कारण मला ठाऊक होतं. मामी गेल्यापासून टेम्पोच्या धुरात मामांना त्यांच्या पुऱ्यांचा वास यायचा. रोज सकाळी इंजिन चालू करून ते टेम्पोच्या मागे जाऊन उभे राहायचे. तळणीचा वास आमच्या सगळ्याच इंधनाला येतो, हे मी त्यांना कधीच बोललो नाही. जीभच रेटली नाही.

* * *

टेम्पो आज पुन्हा आमच्याच इंधनावर चालतो. महाग असूनही! ते कसं झालं, तेवढं सांगतो.

मामी बदलापूरच्या घरात कढईपाशीच गेल्या. पुऱ्या तळता तळता कोसळल्या आणि गॅस तसाच चालू राहिला. मामा पोचले तेव्हा घर धुराने भरलं होतं. हे त्यांनी फक्त मला सांगितलेलं.

टेम्पोची टाकी रिकामी केली, धुतली आणि पंपाचं डिझेल भरलं. भर दुपारी मामांनी इंजिन चालू केलं. आधी डिझेलचाच वास आला. मग करपल्याचा. पुऱ्या करपल्याचा, कढई जळल्याचा! शेडभर धूर झाला, डोळे चुरचुरायला लागले. खरं सांगतो, मला पळून जावंसं वाटलं.

केबिनमधून हरेशभाई अनवाणी धावत आले.

"मामा!" ते ओरडले, "आधी तो गॅस बंद करा!"

आमच्या शेडमध्ये गॅस नाही.

मामांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. शेठकडे पाहिलंसुद्धा नाही.

"केला गं," ते म्हणाले. "केला बंद."