वर कुठली बाजू?

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो आणि खाली नेमाने खुसपट काढतो. कुणाच्या घरातले दिवे आपोआप लागले की "अर्थिंग तपासून घ्या" असं लिहिणारा, कुणाला छतावर पावलं ऐकू आली की "टाकीचा पाइप वाजतोय" म्हणून सांगणारा तो मीच. वीज खात्यात चौतीस वर्षं काढली. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर अजूनही बसत नाही. त्यामुळे हे लिहिताना माझाच मला राग येतोय. अर्थात एकट्या माझाच नाही... बऱ्याच जणांचा येतोय.

मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो. चार मजली बिल्डिंग, सोळा फ्लॅट, त्यातला तिसऱ्या मजल्यावरचा आमचा. आमचा म्हणजे आता माझ्या एकट्याचा. माझी बायको वसुधा गेल्या वर्षी श्रावणात गेली. ती चित्रं काढायची. गोदाघाट, बैलजोडी, गणपती असली नाही. मोठा कॅनव्हास, त्यावर दोन-तीन रंग, एखादा चौकोन, एखादा पट्टा — झालं चित्र. मी ऑफिसला गेलो की मागच्या बाल्कनीत तिचं काम चालायचं. मी घरी यायच्या आत ब्रश धुतलेले असायचे आणि ओलं चित्र भिंतीकडे तोंड करून उभं केलेलं असायचं. वाळल्यावर ती दाखवायची. मी म्हणायचो, "छान आहे." मग आम्ही चहा घ्यायचो.

एकदा तिने विचारलं होतं, की एखादा छोटा हॉल घेऊन ही चित्रं लोकांना दाखवावीत का. मी म्हणालो होतो, "लोकांना कळणार नाही गं. उगाच हसतील." तिने परत कधी विचारलं नाही.

ती गेल्यावर हे वाक्य मला खायला उठायचं. म्हणून मी ठरवलं, की तिचं निदान शेवटचं चित्र तरी चार लोकांच्या नजरेला पडलं पाहिजे. ते बाल्कनीच्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून तसंच उभं होतं. तीन फूट रुंद, चार फूट उंच. सगळीकडे ताकासारखा पांढरा रंग. एका कडेला राखाडी रुंद पट्टा. आणि त्या पट्ट्याला चिकटून हळदीच्या रंगाचा एक लहानसा चौकोन. बाकी काही नाही. सहीसुद्धा नाही.

फ्रेमवाल्याकडे घेऊन गेलो, तर मागून हार्डबोर्ड ठोकायच्या आधी तो विचारतो, "साहेब, वर कुठली बाजू?"

माझं डोकंच फिरलं. आयुष्यभर फ्रेमा करणाऱ्या माणसाने असं विचारावं? मी म्हणालो, "दिसत नाही का? राखाडी वर. आभाळ आहे ते." तो चित्र पालथं करून मागची बाजू बघायला लागला, तर मी ते त्याच्या हातातून सरळ करून घेतलं. म्हटलं, "मागे काय बघताय? माझ्या बायकोचं चित्र आहे, मला माहीत आहे." बिचारा "बरं साहेब" म्हणाला, बोर्ड ठोकला, चारी बाजूंनी टेप मारली.

आमच्या लॉबीत लिफ्ट आणि नोटीस बोर्ड यांच्यामध्ये रिकामी भिंत आहे. तिथे मी ते लावलं. आणि मग सुरू झाला एकेकाचा अभिप्राय.

चेअरमन म्हणाले, "सर, लॉबी आपली ईशान्येला. तिथे वरच्या अंगाला असा जड रंग... वास्तूत चालत नाही. डोक्यावर भार येतो." दुसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या की लिफ्टची वाट बघताना त्यांना गुदमरल्यासारखं होतं. त्यांचा मुलगा म्हणाला, हे तर कुणीही काढेल. (मग काढा की. कुणी धरून ठेवलंय?) तळमजल्यावरच्या नानांची दिंडोरीला द्राक्षबाग आहे, नातवंडांच्या शाळेसाठी ते इथे राहतात. ते बराच वेळ चित्रासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, राग मानू नका. गारपिटीच्या आधी आभाळ आसंच खाली उतरतं. बघितलं का पोटात गोळा येतो."

आणि जिना-लॉबी पुसायला येणारी अलका. ती आमच्या घरीही अकरा वर्षं काम करते. फडकं पिळता पिळता म्हणाली, "काका, हे उलटं लागलंय का?"

मी तिला म्हणालो, "तू फरशी पूस."

मला या सगळ्यांचा संताप आला होता, आणि तो मी लपवला नाही. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लांबलचक मेसेज टाकला. प्लॅस्टिकच्या फुलांचे हार आणि घोड्यांची पोस्टरं घरात लावणाऱ्यांनी चित्रकलेवर बोलू नये, वगैरे. तीन जण ग्रुप सोडून गेले.

आठ दिवसांनी सकाळी दूध आणायला खाली उतरलो, तर चित्र उलटं. राखाडी पट्टा खाली, पिवळा चौकोन त्याच्यावर.

मी फ्रेम तारेने खिळ्याला अडकवली होती. उलटी केली तर तार खाली यायला हवी. पण तार वरच होती, म्हणजे कुणीतरी मागच्या कड्या काढून दुसऱ्या बाजूला बसवल्या होत्या. एवढा उद्योग कोण करणार? मी तडक चेअरमनच्या दारात गेलो. ते टॉवेलवर बाहेर आले. मी बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. ते शपथेवर सांगत होते की त्यांनी हात लावलेला नाही, आणि मी ऐकत नव्हतो.

त्याच दिवशी ड्रिल काढलं. फ्रेमच्या डाव्या-उजव्या कडेला, बरोबर मध्यावर, लोखंडी पट्ट्या बसवल्या आणि त्या स्क्रूने भिंतीत आवळल्या. राखाडी वर. डाव्या पट्टीवर ड्रिल घसरून ओरखडा उठला, तो राहू दिला.

बारा दिवस ठीक. तेराव्या दिवशी दुपारी जेवून खाली आलो तर राखाडी खाली. ओरखडा उजवीकडे.

आता लॉबीत कॅमेरा आहे; पहिल्या वेळी रागाच्या भरात तो आठवलाच नव्हता. त्यात चित्राचा फक्त अर्धा भाग येतो, पण तेवढा पुरे होता. मी आणि वॉचमन बसून बघत राहिलो. एक वाजून काही मिनिटांनी नाना बाहेरून येतात, दोन्ही हातांत द्राक्षांचे क्रेट एकावर एक. ते चित्रासमोर येईपर्यंत राखाडी वर आहे. एका पावलापुरतं चित्र त्यांच्या आड जातं. ते पुढे सरकतात तेव्हा राखाडी खाली असतं. नाना थांबलेले नाहीत. त्यांनी मान वळवलेली नाही. हात क्रेटखाली आहेत.

कुणीही शहाणा माणूस इथे गप्प बसला असता. मी नानांकडे गेलो आणि विचारलं, "कॅमेऱ्यात काय गडबड केली तुम्ही?" सत्तरीचा माणूस. ते चिडले नाहीत, द्राक्षाचा घड माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "मी नाय हात लावला. पण आता बघितल्यावर पोटात कालवत नाय, एवढं खरंय." मी घड तिथेच पायरीवर ठेवून आलो. त्याची लाज मला आजही वाटते.

चित्र पुन्हा राखाडी वर करून बसवलं. या वेळी स्क्रूच्या डोक्यांवर आणि पट्ट्यांवर लॉबीच्या भिंतीचा, डब्यात उरलेला रंग दोन हात दिला. वाळल्यावर भिंत कुठली आणि लोखंड कुठलं ते कळत नव्हतं. स्क्रू फिरवला तर रंग तडकणार, म्हणजे चोर सापडणार. याला म्हणतात पुरावा, असं मी वॉचमनला ऐकवलं.

चेअरमननी तोवर मीटिंग लावली. विषय एकच — चित्र काढून टाकणे. रविवारी सकाळी अकरा वाजता, लॉबीतच, प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडून. पंचवीसेक माणसं होती. ठराव झाला असता तर वसुधाचं चित्र परत त्या खोलीत भिंतीकडे तोंड करून उभं राहिलं असतं, आणि मला ते होऊ द्यायचं नव्हतं. मी चित्राकडे पाठ करून लोकांसमोर उभा राहिलो. सुरू करण्याआधी वळून बघितलं होतं. राखाडी वर.

मी बोललो. बराच बोललो. ती किती वर्षं काढत होती, तुम्ही कुणी तिला कधी विचारलंत का, चित्र बघायला नुसते डोळे पुरत नाहीत, थोडी माया लागते. शेवटी आवाज चढला. म्हणालो, "त्या चित्रात वर काय आणि खाली काय, एवढं तरी कळतं का तुम्हाला?"

सगळे माझ्या खांद्यावरून मागे बघत होते. मी वळलो.

राखाडी खाली होतं. पिवळा चौकोन त्याच्यावर शांत बसला होता.

आणि आता ऐका, म्हणजे माझा संताप का झाला ते कळेल. पंचवीस माणसं त्या भिंतीकडे तोंड करून बसली होती. मी एकेकाला विचारलं. काकू म्हणाल्या, आम्ही आलो तेव्हापासून असंच होतं. चेअरमन म्हणाले, छे, आत्ता आत्तापर्यंत वर होतं. एक जण म्हणाला राखाडी नाहीच, निळं आहे. एकीला चौकोन पहिल्यांदाच दिसला होता. फिरताना कुणीही पाहिलं नाही. पंचवीस जण, पन्नास डोळे. नाना तेवढे म्हणाले, "कसं का आसंना, राहू द्या आता. बरं वाटतंय."

जिन्याच्या पायरीवर अलका बसली होती. ती म्हणाली, "आता नीट हाय."

मी पेचकस मागवला. स्क्रूच्या खाचेत रंग गच्च बसला होता, चाकूने खरवडावा लागला. भिंतीपासून पट्टीपर्यंत रंग सलग, कुठेही केसाएवढाही तडा नाही. चेअरमननी स्वतः मोबाइलची बॅटरी मारून बघितलं. ओरखडा तेवढा रंगाखालून बोटाला लागत होता. उजवीकडे.

नाना आणि मी चित्र वर घेऊन आलो. अलका मागून आली. डायनिंग टेबलावर पालथं घालून मी टेप फाडली, हार्डबोर्ड उचकटला. कॅनव्हासच्या लाकडी चौकटीवर पेन्सिलने लिहिलेलं होतं. वसुधाचं बारीक, तिरकं अक्षर. एक बाण. बाणाच्या टोकाला "वर". त्याखाली — "चार वाजता, बाल्कनी."

बाण राखाडी पट्ट्याच्या उलट दिशेला होता.

मी खाली बसलो. अलका म्हणाली, "तो आपला कठडा नाय का, काका. आन् समोरच्या बिल्डिंगीची खिडकी. चार वाजता तिच्यावर ऊन येतं, लय पिवळं. आपल्या काकू चहा घेऊन बसायच्या बघत. मी रोज बघायचे ना, काढताना."

मी विचारलं, "मग खोलीत ते राखाडी वर करून, उलटं का ठेवलं होतं तिने?"

"सगळीच ठेवायच्या. डोक्यावर उभं करून चार दिवस बघायचं नाय, म्हणायच्या, मग सरळ केल्यावर चूक दिसते. हे सरळ करायचं राहून गेलं."

नाना खिडकीबाहेर बघत उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं, त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

चित्र त्याच संध्याकाळी परत लॉबीत लावलं, बाणाप्रमाणे. ठराव कुणी मांडला नाही. आठ महिने झाले, ते तसूभरही हललेलं नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणतात त्यांना आता त्यात देवघर दिसतं. चेअरमनना अजूनही काही दिसत नाही, पण वास्तूचं ते बोलत नाहीत. फ्रेमवाल्याची मी माफी मागून आलो. त्याला तर प्रसंगच आठवत नव्हता.

आता तुम्ही खाली लिहाल — सामूहिक भ्रम, कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग मध्येच तुटलं, कुणीतरी रंग परत दिला असेल. लिहा. मीही हेच लिहिलं असतं. रंगाचा डबा माझ्या कपाटात होता आणि पंचवीस माणसांसमोर दोन हात द्यायला कुणाला वेळ मिळाला, हे तेवढं समजावून सांगा. मला जमलेलं नाही.

पण मला रात्रंदिवस टोचतं ते हे नाही. लॉबीत मी ज्यांच्यावर ओरडलो त्या प्रत्येकाला काहीतरी खटकत होतं. गुदमरत होतं, भार वाटत होता, पोटात गोळा येत होता. ते चित्र बघत होते. मी एकटाच छातीठोकपणे सांगत होतो की हे आभाळ आहे.

हल्ली रोज चार वाजता मी मागच्या बाल्कनीत चहा घेऊन बसतो. समोरच्या खिडकीवर ऊन येतं, पाच-सात मिनिटं राहतं, जातं. एकतीस वर्षांच्या संसारात ते मी एकदाही पाहिलं नव्हतं. आणि ती "बघा ना" असं एकदाही म्हणाली नाही, याचा मला तिच्यावर अजून राग आहे.