लिओटाने पट्टा निवडला तो हिवाळा

लिओटा ब्रँडव्होल्डला एखादा प्रश्न पडला की तो तिच्या एकटीचा राहत नाही. ती आमच्या टॅमरॅक क्रीकच्या शाळेची बस चालवते. रस्त्याकडेच्या बर्फात ठसे दिसले की बस थांबवते आणि सगळ्या पोरांना विचारते, "सांगा बघू, कोण गेलं असेल इथून?" पोरं शाळेत उशिरा पोचतात, मास्तर कुरकुरतात, आणि रात्री जेवताना घरोघरी आईबापांना ससा आणि खार यांच्या उडीतला फरक ऐकावा लागतो. माझ्या खानावळीतही तीच गत. ती काउंटरवर कोपर टेकून बोलायला लागली की लोकांचं सूप गार होतं.

त्या हिवाळ्यात तिला पडलेला प्रश्न वुल्व्हरिनचा होता. हा प्राणी अस्वलाच्या पिल्लाएवढा असतो, पण ताकद आणि हट्ट मात्र पुऱ्या अस्वलाचा. आमच्या डोंगरात जन्म काढलेली माणसं आहेत ज्यांनी तो एकदाही पाहिलेला नाही. लिओटाने त्याचे ठसे पाहिले होते. वनखात्याला कुठले ठसे कुठे दिसले ते कळवायचं काम ती हौसेने करायची, आणि त्यासाठी सुट्टीच्या दिवशी आपल्या जुन्या स्नोमोबिलवर, म्हणजे रबरी पट्ट्यावर बर्फात पळणाऱ्या गाडीवर, डोंगरात जायची. ठसे ओढ्याकाठाने यायचे, आणि मग सरळ वर, केटलमध्ये जायचे. केटल म्हणजे तीन बाजूंनी कडे असलेला भला मोठा खोलगट उतार. तिथे झाड नाही, हिवाळ्यात शिकार नाही, काही नाही.

"मग हा जातो कशाला तिथे?" एका रविवारी ती कमरेपर्यंत ओली होऊन माझ्या दारात उभी राहिली आणि हाच पहिला प्रश्न विचारला.

"आधी दार लाव," मी म्हटलं. "परत रुतलीस ना?"

"पायथ्याशीच. जरा चढ लागला की गाडी पुढे जायचं सोडून खड्डाच खणायला लागते. अर्धा दिवस फावडं मारत होते, कॉरा."

कोपऱ्यात तिचा मोठा भाऊ मर्ल बसला होता. लाकडाच्या गिरणीत काम करतो, दारातून आत येताना तिरका होऊन येतो एवढा देह. "त्या खेळण्याला डोंगरात नेलंस तर दुसरं काय होणार!" तो म्हणाला. "पट्टा बघ केवढासा. एकशे सेहेचाळीस इंच! माझा बघ. एकशे चौऱ्याहत्तर. लांब पट्टा घे बाई, आणि जा कुठे जायचं तिथे. यात विचार करण्यासारखं काय आहे?"

"लांब पट्ट्याने नक्की काय होतं?" लिओटाने विचारलं.

"वर जाता येतं."

"का पण?"

मर्लने माझ्याकडे पाहिलं. "झालं सुरू," तो म्हणाला आणि पुन्हा बशीत तोंड घातलं.

गाड्या विकणारा आणि दुरुस्त करणारा माणूस आमच्याकडे एकच, इव्हाँ थिबोडो. सत्तरीचा, क्वेबेककडून तरुणपणी इकडे आलेला, अजूनही आमच्या बोलण्याची नक्कल करतो. दुसऱ्या दिवशी बस लावून लिओटा त्याच्या कार्यशाळेत गेली, आणि मीही गेले. मला कारण काही नव्हतं, पण तिच्या प्रश्नाची लागण मला एव्हाना झाली होती.

"तुझं वजन किती?" इव्हाँने पहिलंच विचारलं.

"बायकांना हे विचारता? म्हणून तुमच्याकडे गिऱ्हाईक टिकत नाही."

"वजन चोरणारं गिऱ्हाईक घरी येताना रुततं, आणि मग मलाच फोन करतं. चढ काट्यावर. बूट, पिशवी, फावडं, सगळं घेऊन."

मूस हरणाचं मांस तोलायचा मोठा काटा होता, त्यावर ती चढली. आकडा त्या दोघांनीच पाहिला. मी वाकले तर तिने टोपी आकड्यापुढे धरली.

मग इव्हाँने एक गाडी आडवी करून तिचा पोटाखालचा रबरी पट्टा दाखवला, त्यावरच्या बोटभर उंच दातांवरून हात फिरवला. "हे बघ. पट्टा लांब असला की बर्फावर जास्त जागा टेकते. वजन पसरतं, गाडी तरंगते, चढावर जास्त दात एकदम धरतात. मर्लला ते हवंच. तो बसला की गाडी देवाचं नाव घेते."

"आणि मी बसले तर?"

"तर गाडीला कळणारही नाही कुणी बसलंय म्हणून. लांब पट्टा म्हणजे लांब शेपूट. तू म्हणतेस वळ, ते म्हणतं सरळ जाऊ या. मोकळ्या उतारावर मजा आहे. झाडीत तू रडशील."

"मग माझ्यासाठी कुठला?"

"ते मी कसं सांगू? तुला जायचंय कुठे ते सांग."

"तेच तर मला माहीत नाही," लिओटा म्हणाली. "तो जिथे जातो तिथे."

इव्हाँ मोठ्याने हसला. "तो पट्टा कुठलाच कारखाना बनवत नाही, बाई."

पण ती गप्प बसणारी नव्हती. त्या आठवड्यात मोठा बर्फ पडला, आणि शनिवारी तिने तीन गाड्या गोळा केल्या. स्वतःची आखूड पट्ट्याची, इव्हाँच्या दुकानातली एकशे पंचावन्नची, आणि गोड बटर टार्टची अख्खी परात देऊन मर्लकडून त्याची लांबलचक. गावामागे विजेच्या तारांखाली झाडं तोडून मोकळा केलेला उतार आहे, दोन्ही अंगांना दाट झाडी. तिथे एकाच चढावर, शेजारी शेजारी, न तुडवलेल्या बर्फात ती तिन्ही चालवणार होती. बातमी पसरली. लोक थर्मास घेऊन आले. सर्कस असल्यासारखे गाड्यांच्या टपावर बसले.

तिची स्वतःची गाडी अर्ध्या चढावर रुतली. मधली वरपर्यंत गेली, पण शेवटच्या टप्प्यात धापा टाकत, कशीबशी. मर्लची मात्र अशी गेली जणू खाली उतारच नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मर्लने उठून मुजरा केला.

"आता झाडीतून खाली आण!" इव्हाँ ओरडला.

ती झाडीत शिरली आणि आम्हाला नुसता आवाज ऐकू येऊ लागला. इंजिनाचा, मग फांद्या मोडल्याचा, मग लिओटाचा. शाळेच्या बसमध्ये ते शब्द ती कधी वापरत नाही. शेवटी झाडीतून गाडी आली ती तिरकी, आरशाशिवाय.

"बुंध्यापाशी कलती करून वळवायची म्हटलं तर मी लोंबकळतेय आणि ही ढिम्म!" ती हसत आणि धापा टाकत म्हणाली. तिला राग आलेला नव्हता. डोळे चमकत होते. "पण मर्ल, वर कशी गेली रे! पाण्यावर चालल्यासारखी!"

"मग घे ना हीच."

"एकदा केटलला नेऊन बघू दे."

मर्लने मोडलेल्या आरशाकडे पाहिलं. "अजून एक परात," तो म्हणाला.

पुढच्या रविवारी आकाश स्वच्छ होतं आणि हिमस्खलनाचा अंदाज बरा होता. एकटीने वर जायचं नसतं, म्हणून मी माझी म्हातारी गाडी घेऊन बरोबर गेले. ठरलं असं की मी पायथ्याशी रेडिओ घेऊन थांबायचं आणि तिने फक्त डावीकडच्या, झाडं असलेल्या डोंगराच्या सोंडेपर्यंत जायचं, मोकळ्या उताराला हात लावायचा नाही. ठसे ताजे होते. सोंडेच्या कडेने वर गेले होते.

ती गेली. मी पाहत राहिले. सोंडेपाशी ती थांबली नाही. लाल ठिपका मोकळ्या उतारावर सरकला आणि वर, आणखी वर जाऊ लागला.

"लिओटा, कुठे निघालीस?"

रेडिओत वारा ऐकू आला. मग तिचा आवाज. "काही जाणवलंच नाही गं. ही चढतच राहिली. थांबते आता. झाडांत वळवते." लाल ठिपका झाडांत दिसेनासा झाला. मग, "कॉरा, अडकले. दोन झाडांच्या मधे. मागे येत नाही, पुढे जात नाही."

"लागलं का?"

"नाही. आणि ऐक..." तिचा आवाज एकदम खाली आला. "इंजिन बंद केलंय. तो इथे आहे. पायी ये. सोंडेवरून ये, झाडं धरून, उतारावर पाय टाकू नकोस."

बर्फात चालायचे जाळीचे जोडे चढवून मी निघाले. माझं वय आणि गुडघे यांचा हिशेब इथे मांडत नाही. वर पोचले तेव्हा ती पोटावर पालथी पडून दुर्बिणीतून पाहत होती. मर्लची गाडी मागे दोन बुटक्या पाइन झाडांमध्ये पाचर ठोकल्यासारखी बसली होती.

तिने दुर्बीण माझ्या हातात दिली. समोरच्या कड्याखाली बर्फाचे मोठमोठे गोळे आणि ढेकळं पसरली होती. वरून कधीतरी अख्ख्या उताराचा बर्फ सुटून खाली आलेला. त्या ढिगावर एक गडद तपकिरी प्राणी खणत होता. शेपूट झुपकेदार, कमरेला फिकट पट्टा. अर्धं अंग आत घालायचा, बाहेर यायचा, फुरफुरून बर्फ झटकायचा, परत आत. मग मागच्या पायांवर जोर देऊन त्याने काहीतरी ओढलं. पांढऱ्या लांब केसांचा पाय. डोंगरी शेळीचा.

"वरून बर्फ सुटतो, शेळ्या गाडल्या जातात," लिओटा कुजबुजली. "आणि याला वासाने कळतं. इतक्या खोल. म्हणून हा येतो! कॉरा, म्हणून!" तिने माझा दंड इतका घट्ट दाबला की दोन दिवस दुखला.

आम्ही पाहत राहिलो. त्याने शेळी ओढत ओढत कड्याच्या एका फटीत नेली, स्वतःपेक्षा मोठा बोजा, एकदाही न थांबता. तो दिसेनासा झाल्यावर लिओटाने दुर्बीण खाली ठेवली आणि त्या ढेकळांकडे पाहिलं. मग कड्यापासून आपल्या बाजूपर्यंत नजर फिरवत आली. तिच्या गाडीच्या चाकोरीची रेघ त्या मोकळ्या उताराच्या मधोमध वर आलेली होती.

"हाही उतार तसलाच आहे," ती हळूच म्हणाली.

"हो."

"माझी गाडी असती तर खालीच रुतले असते. इथे आलेच नसते."

तिचा चेहरा पांढरा पडला होता. परतताना आम्ही दोघी सोंडेवरून, झाडं धरत पायी उतरलो.

दुसऱ्या दिवशी मर्ल आणि इव्हाँ करवत आणि दोर घेऊन गेले. मर्लने सगळ्या गावाला सांगितलं की त्याच्या बहिणीने पाइनच्या झाडाला गाडी भेट दिली. पण खानावळीत ती एकटी असताना तो तिच्याजवळ येऊन बसला. "चाकोरी बघितली मी," तो म्हणाला. "तिथे कशाला गेलीस, येडे?"

"गाडी जात होती म्हणून," ती म्हणाली. "खरंच दुसरं काही कारण नव्हतं. जरा थांबावं असं ती वाटूच देत नाही."

मर्लने आपली बशी तिच्यापुढे सरकवली.

इव्हाँकडे जाऊन तिने एकशे पंचावन्नची गाडी घेतली. "तरी एकदा विचार कर," इव्हाँ म्हणाला, "एकशे पासष्टचीही मागवता येते. मोकळ्या उतारावर सोपं जाईल."

"मला सोंडेच्या पायथ्यापर्यंत पोचायचंय, आणि झाडीतून न रडता परत यायचंय. पुढचं मी चालेन. पायाने चाललं की डोकं पण बरोबर चालतं."

"आणि मोठा बर्फ पडला तर?"

"तर रुतेन. फावडं आहे."

रुतलीही. त्या मार्चमध्ये दोनदा, आणि एकदा माझ्या डोळ्यांदेखत, कानाच्या पाळीपर्यंत. पण वळणाला ती गाडी तिचं ऐकायची. झाडीतून जाताना ती उभी राहून, एका पायावर भार टाकून अशी वळवायची की मागून येणाऱ्या माझं तोंड उघडं राहायचं.

पुढच्या हिवाळ्यात मर्ल स्वतःहून म्हणाला, "मीही येतो. बघू तरी काय आहे एवढं." सोंडेच्या पायथ्याशी आम्ही गाड्या ठेवल्या. जाळीचे जोडे त्याच्या बुटांना बसेनात, पट्टे दोरीने बांधावे लागले. अर्ध्या वाटेवर तो बर्फात बसला, बहिणीला, मला, इव्हाँला आणि सगळ्या शेळ्यांना शिव्या घातल्या, आणि पुन्हा उठला.

वर तो पालथा पडला, दुर्बीण डोळ्यांना लावली. बराच वेळ काही नव्हतं. मग कड्याच्या फटीतून ते गडद डोकं बाहेर आलं.

"हा?" मर्ल म्हणाला. "एवढासा?"

लिओटाने नुसतं पुढे बघ अशी खूण केली. प्राणी खाली उतरला, वास घेत फिरला आणि खणायला लागला. मर्लने दुर्बीण खाली ठेवली नाही. मी चहा ओतला, त्याच्यापुढे धरला, त्याने घेतला नाही.

"लिओ," तो शेवटी म्हणाला, डोळे तिथेच लावून, "याला खाली काय आहे हे नक्की कसं कळतं गं?"