अण्णांनी ऐकलेली उडी

अण्णा घरी आल्याची वर्दी आमच्याकडे घोडी द्यायची. माझे वडील ढोरांचे डॉक्टर. बुळकांडीची साथ आली की टोचण्या करत ते दिवसचे दिवस खेडोपाडी हिंडत. परत येताना सरळ सडकेने पुढच्या दाराशी यावं, तर ते नाही. घरामागच्या माळावरून घोडी भरधाव आणायची, पावसाचं पाणी जायला खणलेला मोठा चर एका उडीत ओलांडायचा आणि परसात उतरायचं. आत बसून आम्हाला सगळं ऐकू यायचं. टापा जवळ येत, मग क्षणभर काहीच ऐकू येत नसे, आणि मग धप्प! की आई चहाचं आधण ठेवायची. 'पुढचं दार काय शोभेला बांधलंय?' असं दर खेपेला म्हणायची, पण म्हणताना पदर सारखा करायची. मला सगळं दिसत होतं.

मी मॅट्रिकच्या वर्गात गेले त्या साली अण्णांना क्षय असल्याचं निघालं. खाट मागच्या पडवीत गेली. ताट-वाटी वेगळी, पेला वेगळा, टॉवेल वेगळा. माणूस घरातच होता आणि पाहुण्यासारखा राहत होता. मला त्या वेगळ्या पेल्याचा इतका राग यायचा की घासताना मी तो मुद्दाम आपटायची.

घोडीला फिरवायचं काम मोतद्दारमामांकडे होतं. मामा अक्कलकोटकडचे. आमच्याशी मराठी बोलत आणि घोडीशी कानडी. 'तिला मराठी समजतं, पण ती ऐकते कानडीच,' असं अण्णा म्हणायचे. मामा घोडी सडकेने नेत आणि सडकेनेच आणून बांधत.

एका संध्याकाळी गिरणीचा भोंगा वाजून गेल्यावर अण्णांनी मला खाटेजवळ बोलावलं. म्हणाले, "तू घोडीवर बसायला शीक. आणि चरावरून उडी मारून घरी ये."

मला वाटलं, तापात बोलताहेत. मी म्हटलं, "मामांना सांगते ना. ते मारतील उडी."

"मामा घोडी आणतील. तू घरी येशील." जरा दम खाऊन ते म्हणाले, "रोज या वेळेला कान तिकडे लागतात गं. कुणी येतच नाही. एकदा ऐकायचंय मला."

एकदा. डॉक्टर आईला पडवीच्या पायरीवर काय सांगून गेले होते, ते मला ठाऊक होतं. ते अण्णांनाही ठाऊक असावं, हे मात्र तोवर माझ्या मनात आलं नव्हतं.

आईने आधी आकांत केला. लग्नाची पोर, हातपाय मोडले तर कोण पत्करणार? शेजारच्या काकूंनी कुंपणावरून भर घातली, "आधीच घोडी झालीय, आता घोडीवर बसणार!" तेवढ्यावरून आई कुणाच्या बाजूची ते ठरलं. तिने आपलं जाडंभरडं लुगडं काढलं आणि स्वतःच्या हाताने मला घट्ट कासोटा मारून दिला.

चालणं, दुडकी, दौड हे दिवाळीपर्यंत जमलं. मुरमावर पडून गुडघे सोलले, पण जमलं. मग मामांनी जमिनीवर बाभळीचा ओंडका आडवा टाकला, तोही घोडीने मला सांभाळून घेत ओलांडला. चराचं मात्र काही केल्या जमेना. घोडी जोरात जायची आणि ऐन काठावर पाय रोवून उभी राहायची. कधी मी मानेवर आदळायची, कधी सरळ चरात.

"ताईसाब, घोडीला उडी येतीय," मामा मला चरातून वर ओढत म्हणायचे. "तुमी फकस्त तिच्या आडवं येऊ नका."

पडवी आणि चर यांच्यामध्ये निवडुंगाचं दाट कुंपण होतं. अण्णांना काहीच दिसत नसे. तरी मी लंगडत पडवीत गेले की ते म्हणत, "ओढलास लगाम."

"तुम्हाला कसं कळलं?"

"टापा आखडल्या."

रोज तेच. मी चिडायची, रडायची. मुद्दाम थोडंच ओढत होते? एकदा त्यांनी माझे हात मागितले. आई हात लावू द्यायची नाही, पण ती विहिरीवर गेली होती. त्यांनी माझे तळवे उलटेपालटे करून पाहिले. म्हणाले, "हे हात विहिरीवर शिकलेत. दोर सैल पडला की पोहरा गेला, म्हणून जीव घाबरला की तुझी मूठ ओढते. आईचंही तसंच आहे. उडीच्या वेळी ओढू नकोस, बाळ. सैल सोड. पलीकडे कसं उतरायचं ते जनावराला कळतं."

सांगितलेलं डोक्याला कळलं, हातांना कळेना. सहा-सात वर्षांची असल्यापासून मी सोलापूरच्या त्या खोल विहिरीतून पाणी ओढत आले होते. तिथे सैल सोडणं म्हणजे मार खाणं.

पौषात अण्णांच्या खोकल्यातून रक्त पडू लागलं. त्याच आठवड्यात एका संध्याकाळी मी पडवीत बसले असताना माळावरून टापा आल्या. मग शांतता. मग धप्प. स्वयंपाकघरात आईने आधण ठेवल्याचा आवाज आला. सवयीने ठेवलंन, आणि दुसऱ्याच क्षणी ती दारात येऊन उभी राहिली. चेहरा पांढराफटक.

कुंपणाआडून मामा घोडी घेऊन आले. अण्णा हसले. "मामा, वजन कळतं हो."

मामांनी मान खाली घातली. "लई दिस झालं की, डागदरसाब. ताईसाबला जमंना. म्हटलं, एकडाव तुमच्या कानावर पडंल."

"आधण ठेवलंय. चहा घेऊन जा," अण्णा म्हणाले आणि भिंतीकडे वळले. मला त्या रात्री जेवण गेलं नाही. मामांचा राग नव्हता, माझ्या हातांचा होता.

उडी जमली ती माघात. काही ठरवलं नव्हतं. घोडी चराकडे सुटली, मूठ आवळणार इतक्यात मी दोन्ही हातांची बोटं तिच्या आयाळीत खुपसली आणि लगाम सोडून दिला. टापा थांबल्या. कानात वारासुद्धा नव्हता. मग धप्प झालं, जीभ दाताखाली आली आणि तोंडात रक्ताची चव आली.

मी उतरून तशीच पडवीत धावले. अण्णांचे डोळे मिटलेले होते आणि पाणी कानाकडे वाहत होतं.

"आलीस?" त्यांनी विचारलं.

"आले."

आईने चहा आणला. अण्णांच्या जुन्या कपात, मला. पुढे रोज संध्याकाळी मी तशीच आले, आणि रोज त्यांनी तेच विचारलं. आवाज बारीक होत गेला, शेवटी नुसते ओठ हलायचे. माझ्या आयुष्यात मी इतकी सुखी आणि इतकी दुःखी एकाच वेळी पुन्हा कधी झाले नाही.

चैत्रातल्या एका दुपारी ते गेले. बाहेर ऊन मी म्हणत होतं. श्वास जायचा, मग काहीच नाही, मग पुन्हा यायचा. ती मधली शांतता मला ओळखीची होती. दर वेळी ती वाढत होती. आई त्यांचा हात दोन्ही हातांत धरून ओढत होती, खाटेवरून उठवायचंच असल्यासारखी. "अहो... अहो, इकडे बघा..." तिच्या मुठी पांढऱ्या पडल्या होत्या. अण्णांच्या कपाळावर आठी पडली.

माझ्या तोंडून कसं निघालं कोण जाणे. "आई, ओढू नकोस. हात सैल सोड."

तिने माझ्याकडे पाहिलं. मारते की काय असं वाटलं. मग एकेक बोट सैल केलंन. अण्णांचा हात तिच्या तळव्यावर नुसता राहिला आणि कपाळावरची आठी गेली.

श्वास गेला. आम्ही दोघी कान देऊन बसलो. परसात घोडी एकदा फुरफुरली, बाकी काही ऐकू आलं नाही.

बऱ्याच वेळाने आईने विचारलं, "पोचले असतील का गं?"

"हो," मी म्हटलं. "पोचले."