साहेबाच्या झाडाचा माळी

कापूस खरेदी करणाऱ्या आमच्या साहेबाच्या अमरावतीच्या बंगल्यावर एक माळी होता. साहेबानं बर्फाच्या मुलखातून स्प्रूसचं रोपटं आणलं होतं, सुईसारख्या पानांचं, गुडघ्याएवढं. माळी त्याच्याशी हिंदीत बोलायचा. "पी लो, हुजूर," म्हणत अदबीनं पाणी घालायचा. साहेबाशी मात्र सरळ वऱ्हाडीत. मी कारण विचारलं, तर म्हणाला, "साहेब आता जुना झाला, बाबू. झाड नवीन हाये, त्याले आपली बोली समजत नाई."

चैत्रात साहेब घोड्यावरून चिखलदऱ्याला पुढे गेला. सामान मागून पाठवायचं काम माझ्याकडे, त्याच्या कारकुनाकडे, होतं. तेजीच्या त्या दिवसांत झाडून साऱ्या बैलगाड्या कापूस वाहत होत्या. आम्हाला कशीबशी एकच मिळाली. मी आत जाऊन येतो तोवर माळ्यानं दारूच्या बाटल्यांची पेटी उतरवून तिच्या जागी कुंडी बसवली होती, वर ओलं गोणपाट.

"हे काय केलंस?" मी ओरडलो.

"उन्हाळ्यात साहेबाले थंड हवा पायजे, मंग याले नको? बाटल्या काई उन्हानं मरत नाई."

मी पेटी उचलून आत नेऊन ठेवली. गाडी तशीच गेली.

पावसाळ्यात साहेब आणि झाड दोघं परतले. झाड हिरवंगार होतं, बाटल्यांविना साहेबाचा चेहरा पार उतरला होता. माळ्यानं आधी झाडाला पाणी घातलं. मग साहेबाला नीट निरखलं, तांब्या पुढे केला आणि पहिल्यांदाच त्याच्याशी हिंदीत बोलला, "पी लो, हुजूर."