मोटेच्या चामड्यावर बसलेलं इंजिन

चाचा आधी बॉनेटवर तळहात ठेवायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "बराबर बोलून न्हाई राहिली." माणसांशी त्यांचं बोलणं कमीच. ते माझ्या सासऱ्यांच्या मोटारीचे ड्रायव्हर. बायको-लेकरांसह आमच्याच गल्लीच्या टोकाला राहायचे.

मी तेव्हा नवी सून होते आणि मोटारीतलं मला सगळं कळतं अशी माझी समजूत होती. इंजिनाला ऊन लागू नये म्हणून ते झाकून ठेवतात, असं मी माहेरी ठासून सांगून आले होते. हसा, मीही हसते.

निजामाच्या राज्याचं ते शेवटचं वर्ष. घरातले पुरुष आधीच हद्द ओलांडून वऱ्हाडात गेले होते. सेनगावकडून रोज वाईट बातम्या यायच्या. सासूबाईंना आणि मला पलीकडे पोचवायचं काम चाचांवर आलं, आणि नेमकी तेव्हाच गाडी हादरायला लागली. सुरू केली की लोखंडावर लोखंड आपटायचं.

"इंजनाच्या पायाखालचं रबर गेलं," चाचा म्हणाले. "अशी वाजत गेली तर रस्त्यावरचं हरेक गाव बाहेर येऊन बघंल, कोण चाललं म्हणून."

रबर आणणार कुठून? बाहेरचा माल यायचा बंद झाला होता. चाचांनी गोठ्यातून विहिरीची जुनी, फाटकी मोट ओढून आणली. तिच्या चामड्याच्या गोल चकत्या कापल्या, तापल्या सळईनं मधोमध भोकं पाडली, एरंडेलात मुरवल्या आणि एकीवर एक रचल्या.

आता इंजिन उचलायचं. बैलगाडीचं लांब लाकूड त्याच्याखाली सारून मध्ये दगडाचा टेकू दिला. "दोघी या टोकावर बसा. मी खाली शिरतो."

सासूबाई बसल्या. मी पदर सावरून बाजूला उभी. सासूच्या मांडीला मांडी लावून सून बसते होय? इंजिन तसूभर हललं नाही.

"आक्का, वजन कमी पडून राहिलं," खालून आवाज आला.

"बस गं बये," सासूबाई म्हणाल्या. "मोटारीला काहून सुनेचं वळण दाखवून राहिलीस?"

मी बसले, पण टेकल्यासारखी.

"पोरी, पुरी बस. माझा हात आत हाये."

तेव्हा मात्र बसले. इंजिन वर आलं, चकत्या आत गेल्या, बोल्ट आवळला गेला.

भर दुपारी निघालो. गाडी घुरघुरत होती, पण आपटत नव्हती. वाटेतल्या गावांतून कुणी बाहेर आलं नाही. नाक्यावर चाचा उतरले, "मालकाच्या बाया, माहेरी चालल्या," एवढंच बोलले आणि पहारेकऱ्यांनी सोडलं.

पलीकडे पोचल्यावर सासूबाई म्हणाल्या, "भाई, तुमी बी हितंच थांबा. दिवस बरे न्हाईत."

"अन् लेकरं, आक्का?"

"त्यांना घेऊन या."

 चाचांनी गाडी वळवली.

मग फौज आली, निजामी संपली, आम्ही परतलो. आता भिण्याची पाळी चाचांसारख्या मुसलमान घरांची होती. मोटार आमच्या अंगणात जागच्या जागी उभी होती, म्हणजे चाचा पोचले होते. त्यांच्या घराचं दार मात्र सताड उघडं होतं आणि आत कुणी नव्हतं. सासूबाई गल्लीत घरोघर विचारत फिरल्या. हैदराबादेला गेले असतील, असं कुणीतरी म्हणालं. बोलताना त्यानं मान वर केली नाही.

शेवटी त्या चाचांच्या घराशी परत आल्या. दार ओढून घेतलं, बाहेरून कडी घातली. "पाऊस येऊन राहिला," मला म्हणाल्या, "घरात पाणी जाईल त्यांच्या."